भोंग्यातली शुद्ध मराठी

आमच्या शाळेच्या आवारात सरकारने भोंगा उभा केला, तेव्हा पहिली सूचना आली ती त्याला भोंगा म्हणायचं नाही अशी. कागदोपत्री तो 'दूरगामी दिशादर्शी ध्वनी इशारा यंत्रणा' होता. गावाने पहिल्याच दिवशी त्याला भोंगा म्हटलं. मुख्याध्यापक मात्र निवृत्त होईपर्यंत ते लांबलचक नाव पूर्ण उच्चारत राहिले, कारण नाव पूर्ण उच्चारलं नाही तर पेन्शन अडेल अशी त्यांना खरोखरच धास्ती होती.

मी सेलू-पाथरी पट्ट्यातल्या नदीकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. शाळा उंचवट्यावर, खाली नदी. आमच्या गावापाशी नदीच्या दोन धारा होतात आणि मधे बरंच मोठं रान सुटतं. त्याला गाव बेट म्हणतं. काळी कसदार जमीन. उन्हाळ्यात तिथे चालत जाता येतं, पावसाळ्यात बऱ्याचदा घोट्याएवढ्या पाण्यातून. वर धरण आहे. धरणाचे दरवाजे उघडले की आमच्याकडे थेंब पडलेला नसला तरी तासा-दीड तासात पाणी येतं, आणि येतं ते अलीकडच्या धारेतून आधी. म्हणजे बेटावरचा माणूस मागे वळून पाहीपर्यंत त्याची परतीची वाट बंद.

पूर्वी अशा वेळी कोतवाल मोटारसायकलवरून काठाकाठाने ओरडत जायचा, "पाणी यायलंय, वर या!" मोटारसायकल खटारा होती, पण माणूस हुशार होता. कोण कुणाच्या रानात कामाला गेलंय हे त्याला पाठ असायचं. भोंगा बसला आणि कोतवालाला कळवायची पद्धत बंद झाली. यंत्र आल्यावर माणसाला फोन करणं साहेब लोकांना कमीपणाचं वाटलं असावं.

यंत्र बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आला. पोरगेला, शांत, कामात चोख. त्या सगळ्या प्रकरणात शहाण्यासारखं वागलेला तोच एक. त्याने मला समजावून सांगितलं, "मॅडम, हा आवाज बॅटरीच्या झोतासारखा जातो. झोतात उभा असेल त्याला दोन किलोमीटरवर शब्द न् शब्द कळतो. मागे उभं राहिलं तर फारसं ऐकू येत नाही. त्यामुळे तोंड कुठे करायचं ते नीट ठरवा." तोंड बेटाकडेच केलं. तेवढं एक बरोबर झालं, तेही त्याने केलं म्हणून.

मग संदेश रेकॉर्ड करायची वेळ आली. तालुक्याहून साहेब आले. गावात कुणाचा आवाज चांगला, अशी विचारणा झाली आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. दर पंधरा ऑगस्टला सूत्रसंचालन मीच करते.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. मी बोरी गावच्या बौद्ध कुटुंबातली. वडील कचेरीत कारकून होते. घरात 'हाय', 'न्हाई', 'आमी' असलं काही तोंडातून निघालं की वडील जेवता जेवता थांबायचे आणि मी वाक्य दुरुस्त करून म्हणेपर्यंत घास उचलायचे नाहीत. एकदा मी चिडून विचारलं, "सगळं गाव असंच बोलतं की, मग मलाच का?" ते म्हणाले, "त्यांची चूक ती चूक असते. आपली चूक ती जात असते." तेव्हापासून मी जीभ घासून घासून अशी लख्ख केली की डी.एड.ला असताना मुली मला पुण्याची समजायच्या. मला त्याचा अभिमान होता. नुसता अभिमान नाही, मस्ती होती. वर्गात एखादं लेकरू 'मला येयना' म्हणालं की मी हसून 'मला येत नाही' असं म्हणायला लावायची, आणि त्या हसण्यात काय असायचं ते मला आता नीट कळतं.

तर साहेबांनी खिशातून कागद काढला. त्यावर लिहिलं होतं: 'सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की, धरणातील पाणीसाठ्यात झालेली वाढ विचारात घेता नदीपात्रात विसर्ग करण्यात येत असून, नदीकाठच्या नागरिकांनी नदीपात्रात प्रवेश करू नये व सुरक्षित स्थळी स्थलांतरित होऊन प्रशासनास सहकार्य करावे.'

मी वाचलं आणि म्हटलं, "साहेब, 'पाणी सुटलंय, बेटावरून वर या' एवढंच म्हणू का? बायांना लगेच कळेल."

साहेब हसले. त्यांचं हसू मला ओळखीचं वाटलं, कारण वर्गात मी तेच हसायचे. ते म्हणाले, "बाई, हे शासनाचं यंत्र आहे, आठवडी बाजार नाही. भाषेला काही दर्जा नको का?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण ते लगेच पुढे म्हणाले, "आणि तुमच्यासारखं स्वच्छ बोलणारं या भागात सापडतं कुठे?" मी पाघळले. मुख्याध्यापकांच्या खोलीत खिडक्यांना सतरंज्या बांधून आम्ही तो संदेश चार वेळा घेतला. इंजिनिअर पहिल्याच वेळी ठीक आहे म्हणाला होता. उरलेल्या तीन वेळा मी माझ्या हौसेने घेतल्या, 'स्थलांतरित'मधला 'स्थ' नीट यावा म्हणून.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. मांडव घातला लिंबाच्या सावलीत, म्हणजे नेमका भोंग्याच्या मागे. इंजिनिअर हळूच म्हणाला की इथे काही ऐकू येणार नाही. त्याला उत्तर मिळालं, "पाहुण्यांना काय उन्हात बसवायचं?" मग झालं असं की नदीकाठच्या लोकांसाठी आणलेला भोंगा वाजला आणि ज्यांनी तो आणला त्यांना खरखर सोडून काही ऐकू आलं नाही. पलीकडच्या काठावर एक माणूस मोबाइल घेऊन उभा केला होता. त्याला विचारलं, "ऐकू आलं का?" तो म्हणाला, "लय भारी!" काय सांगितलं हे त्याला कुणी विचारलं नाही. टाळ्या झाल्या.

भोंगा चालवायची पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीत होती, तिच्यात एक लाल बटण होतं. त्याने कान फाडणारा, डोक्यात सुया टोचल्यासारखा आवाज निघायचा. जमाव पांगवायला आणि वाळूचोरांना पळवायला म्हणून तो होता. पाहुण्यांना तो पाहायचा होता. इंजिनिअर नको म्हणत होता, समोर जनावरं आहेत म्हणत होता. शेवटी त्याने दोन-तीन सेकंद बटण दाबलं. खाली वाटेवर एक बैलगाडी चालली होती. बैल उधळले, गाडीवान उताणा पडला, कोपर सोलवटून घेऊन उठला. मांडवात हशा पिकला. "आता वाळूवाले कसे थांबतात बघतो," पाहुणे म्हणाले. ज्यांच्या ट्रॅक्टरांसाठी तो आवाज आणला होता त्यांतले दोघे दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. ते बटण पुढे कधीही वाळूवाल्यांवर दाबलं गेलं नाही.

पुढचे काही महिने भोंगा भरपूर बोलला. संदेश सुरू करायची किल्ली तालुक्याच्या कचेरीत होती, तिथून बसल्या जागी वाजवता यायचा. पाण्याचा इशारा सोडून त्याने सगळं सांगितलं. स्वच्छता पंधरवडा, आधार जोडणी, डोळे तपासणी शिबिर, आणि एकदा तर पाहुण्यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. सगळं माझ्याच आवाजात. मला कागद यायचे, मी मोबाइलवर वाचून पाठवायची. शेतात वाकलेल्या बाया संध्याकाळी वाटेत भेटल्या की म्हणायच्या, "बाई, आज बी तुमी लय बोलल्या बगा." "काय बोलले?" मी विचारायची. त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. "आमाला काय कळतंय त्यातलं! पर आवाज ग्वाड हाय." मी ते कौतुक समजून घरी न्यायची.

गणपतीचे दिवस होते. आकाश स्वच्छ, आमच्याकडे आठ दिवसांत पाऊस नव्हता. वर कुठेतरी झाला असणार. मधल्या सुट्टीत मुलं खिचडी खात होती आणि माझा आवाज सुरू झाला. शाळेत तो मागून, गोधडीतून आल्यासारखा ऐकू यायचा, त्यामुळे पहिल्यांदा कुणी लक्ष दिलं नाही. मग 'विसर्ग' शब्द कानावर पडला आणि हातातलं ताट ठेवून मी मैदानाच्या टोकाला धावले.

बेटावर दहा-अकरा बाया खुरपत होत्या. बहुतेक आमच्या बौद्ध वस्तीतल्या, दोघी-तिघी गावातल्या. अलीकडची धार अजून घोट्याएवढीच होती, पण तिचा रंग बदलला होता, म्हणजे दरवाजे उघडून तास तरी उलटला होता. माझा आवाज त्यांच्या डोक्यावरून खणखणीत जात होता, 'सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की'. एकीने मान वर केली. मी उंचवट्यावर दिसले तशी तिने मला ओळखलं, खुरपं उंच केलं आणि हात हलवला. मग परत खाली वाकली.

मी इथून हातवारे केले. तिने पुन्हा हात हलवला. ओरडून आवाज पोचण्यासारखं अंतर नव्हतं. एकीचा फोन लावला, तो लागेना. नदीच्या खोलगटात कधीच लागत नाही.

मी शाळेत पळाले. पेटीत थेट बोलायचा माईक होता, पण त्याला कचेरीचं सील होतं, 'वरिष्ठांच्या परवानगीशिवाय वापरू नये.' मी कचेरीत फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, इशारा गेला की. तीनदा जाणार आहे. सिस्टिमवर हिरवं दिसतंय."

"अहो, बाया हलल्या नाहीत! मला माईक उघडायचाय. साहेबांना द्या."

"साहेब व्हीसीमध्ये आहेत, व्हिडिओवर मीटिंग चाललीय. झाल्यावर सांगतो."

मुख्याध्यापक मागे येऊन उभे होते. "बाई, लेखी घेऊ परवानगी. व्हॉट्सअॅपवर आली तरी चालेल," ते म्हणाले. वाईट माणूस नव्हता. पण त्या क्षणी मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि सील तोडलं.

माईक हातात घेतला आणि तोंड उघडलं, तर पहिल्यांदा काय निघावं? "नदीकाठच्या नागरिकांनी..." हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. समोर पाणी येतंय, आणि माझी घासूनपुसून लख्ख केलेली जीभ तोच कागद वाचायला लागली. मी स्वतःच्या मांडीवर जोरात थापट मारली आणि मग माझ्या आजीचा आवाज माझ्या घशातून आला.

"ए बायांनो! पाणी सुटलंय गं! धरणाचं पाणी यायलंय! खुरपे टाका अन् पळा! वर या, वर या! गठुडी ऱ्हाऊ द्या तिथंच!"

खिडकीतून बेट दिसत होतं. सगळ्या एकदम ताठ उभ्या राहिल्या. आधी नदीकडे पाहिलं, मग पळत सुटल्या. बांधाच्या टोकाला एक म्हातारी होती, तिला कमी ऐकू यायचं. ती वाकूनच होती. मी ओरडले, "म्हातारीला घ्या! मागं म्हातारी राह्यली!" दोघी परत फिरल्या आणि तिला काखेत धरून ओढत आणली. धारेत उतरेपर्यंत पाणी गुडघ्यावर आलं होतं. एकमेकींचे पदर मनगटाला गुंडाळून साखळी करून त्या उतरल्या. मधे एक पडली, दगडावर हात आपटून मोडला, पण साखळी सुटली नाही.

वर पोचत आल्या आणि त्यांतली एक वळली. तिच्या चार शेळ्या बेटाच्या कडेला एका खुरट्या बाभळीला बांधलेल्या होत्या. ती पुन्हा पाण्यात शिरली. बाकीच्या काठावरून ओरडत होत्या, ती ऐकेना. पाणी मांड्यांना लागलं. मी माईकवर तिला नावाने हाक मारली, विनवलं, लेकरांची शपथ घातली. ती थांबेना. मग माझ्या तोंडून निघालं, "मर रांडे मर तिथंच शेळ्यांपायी! तुझी लेकरं तुझ्या नावानं रडतील, शेळ्या न्हाई रडणार!"

दोन किलोमीटरपर्यंत शब्द न् शब्द कळणारं यंत्र होतं ते. अख्ख्या शिवाराने ऐकलं. ती जागच्या जागी थांबली. वळली. तिचा चेहरा इतक्या लांबून दिसत नव्हता, पण तिची चाल दिसत होती. ती माझ्याशी भांडायला काठावर आली.

ओल्या लुगड्यानिशी तरातरा चढ चढून ती थेट शाळेच्या दारात उभी राहिली. "मास्तरीणबाई, रांड कुणाला म्हणता? मी काय तुमचं खाल्लं?"

मी तिचा खांदा धरून तिला मैदानाच्या टोकाला नेलं. तेवढ्या वेळात बाभळीचा शेंडाच तेवढा पाण्याबाहेर राहिला होता. ती बघत राहिली, मग मटकन खाली बसली आणि शेळ्यांची एकेकीची नावं घेऊन रडायला लागली. मी तिच्याजवळ बसले. थोड्या वेळाने नाक पुसत म्हणाली, "तुमाला येतंय की आमच्यावाणी बोलायला. मग इतके दिस कामून त्या कागदावाणी बोलत व्हत्या?"

बाकीच्या बाया व्हरांड्यात लुगडी पिळत होत्या. एकीला विचारलं, "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा का नाही निघालात?" ती म्हणाली, "आमाला वाटलं गणपतीच्या विसर्जनाचं काय तरी सांगायलेत. नदीत कुटं बुडवायचं, कुटं न्हाई, तसलं." विसर्ग आणि विसर्जन. चूक त्यांची नव्हती. मी 'स्थ' नीट यावा म्हणून तीन वेळा रेकॉर्डिंग करत बसले होते.

चार दिवसांनी मला नोटीस आली. शासकीय यंत्रणेचं सील विनापरवाना तोडणे आणि सार्वजनिक ध्वनिक्षेपणावर असभ्य भाषेचा वापर करणे. कारणे दाखवा. मोडलेल्या हाताचा, शेळ्यांचा, दहा-अकरा जिवंत बायांचा त्यात उल्लेख नव्हता. सोबत कळलं की इशारा वेळेत तीन वेळा दिल्याबद्दल कचेरीचं वरून कौतुक झालं होतं.

खुलासा द्यायला तालुक्याला गेले. तेच साहेब. शेजारी लिहून घ्यायला एक लिपिक.

"नेमके कोणते शब्द वापरले, ते सांगा," साहेब म्हणाले.

मी सांगितले. अगदी त्याच चालीत. लिपिकाचा पेन थांबला. "साहेब, हे... लिहू का?"

"तिथे टिंब टिंब टाका."

"टिंब नको," मी म्हटलं. "पूर्ण लिहा. माझ्या तोंडचे शब्द आहेत, त्याखाली माझी सही होणार आहे. आणि त्याच्यावर तुमचा कागदही पूर्ण लिहा, 'सर्व संबंधितांना'पासून. कोणतं ऐकून बाया हलल्या तेही लिहा."

साहेब चिडले. "बाई, शिक्षिकेच्या तोंडी ही भाषा शोभते का? मुलांवर काय संस्कार होतील?"

"त्यांतल्या चार मुलांच्या आया त्या दिवशी बेटावर होत्या, साहेब. संस्कार करायला त्या उरल्या आहेत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना लाज वाटली असेल असं मला एक क्षण वाटलं. मग ते म्हणाले, "ठीक आहे, समज देऊन प्रकरण बंद करू. पुन्हा असं करू नका." माझ्या मनात त्यांच्याबद्दल जो काही आदर उरला होता तो त्या वाक्याने संपला. राग नव्हता. रागासाठी समोरचा निदान आपल्या उंचीचा लागतो.

पेटीला आता लोखंडी कुलूप आहे. माझा आवाज काढून तिथे कुठल्यातरी यंत्राचा बाईचा आवाज घातलाय, वाक्य मात्र तेच. ती यंत्रातली बाई 'स्थलांतरित' माझ्यापेक्षा छान म्हणते.

मी त्या पावसाळ्यातच धरणावरच्या चौकीदाराचा नंबर मिळवला. साधा माणूस आहे, पहिल्यांदा घाबरला, मग सवय झाली. पावसाळाभर रोज सकाळी शाळा भरायच्या आधी मी फोन करते. "दादा, आज काय?" तो म्हणतो, "आज न्हाई बाई, जाऊ द्या बायांना." किंवा म्हणतो, "आज नगं." मग मी वस्तीच्या तोंडाशी उभी राहते आणि खुरपी घेऊन निघालेल्या बायांना सांगते. कधी कधी त्यांतली एखादी मुद्दाम विचारते, "बाई, कागदावाणी सांगा की एकदा!" मग सगळ्या हसतात, आणि मी त्यांना बेटाची वाट सोडून वरच्या रानाकडे पिटाळते.